इन्व्हर्टरवरची फोडणी

गुडीहत्नूरला आम्ही ज्या घरात भाड्यानं राहत होतो, त्या घराचे मालक संध्याकाळी अंगणाच्या मधोमध उभे राहून "बंद!" असं ओरडायचे. शब्द एकच, पण दवंडी दिल्यासारखा चारी बाजूंना फिरायचा. मग आम्ही भाडेकरूंनी पंखा, कूलर, टीव्ही, मिक्सर, जे काय चालू असेल ते बंद करायचं आणि आपापल्या खोलीतून "बंद!" असा जबाब द्यायचा. जबाब आला नाही तर मालक दारात येऊन उभे. आदिलाबादकडचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी काढला नाही त्यांनी एवढंच समजून घ्यावं, की तिथं उन्हाळ्यात माणसाला कूलरपुढून उठवणं म्हणजे भरल्या ताटावरून उठवण्यासारखं आहे. आणि आम्हाला कशासाठी उठवायचे, तर मालकांच्या स्वयंपाकघरात भाजीला फोडणी पडायची होती म्हणून.

मालक तहसिलीत गिरदावर होते. गावोगाव फिरून जमिनी आणि पिकं पाहायची, हे त्यांचं काम. नोकरी संपली, पण कचेरी काही त्यांच्या तोंडातून गेली नाही. नळाला पाणी आलं की ते "पानी जारी झालं" म्हणायचे. मांजर घरात शिरलं तर त्याचा "बंदोबस्त" करायचे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, त्याचा खिसा कायम एका अंगाला ओघळलेला, कारण खिशात पेनाच्या जागी चुंबक. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं, काळं, गोल आणि चांगलं जड.

त्या चुंबकाची आणि आमची गाठ पहिल्याच दिवशी पडली. मी मराठी शाळेत शिक्षिका आणि आमचे हे मंडल ऑफिसात कारकून. बदली होऊन आलो तेव्हा खोली शोधत आठवडाभर हिंडलो. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "आडनाव काय म्हणले?" आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. आम्हाला त्याची सवय होती, तरी दर वेळी लागायचंच. ह्या मालकांनी आडनाव विचारलंच नाही. टेम्पोजवळ आले आणि म्हणाले, "भांडे काढा."

"कोणती भांडी?"

"सैपाकाचे. मुआयना केल्याबगर खोली भेटत नाई."

आणि रस्त्यातच उकिडवे बसून त्यांनी माझ्या एकेका भांड्याच्या बुडाला चुंबक लावायला सुरुवात केली. आईनं लग्नात दिलेलं पितळी पातेलं, "खारीज." ॲल्युमिनियमचा कुकर, "खारीज." स्टीलची कढई मी मोठ्या विश्वासानं पुढं केली, तर चुंबक तिच्यावरूनही घसरलं. "हे स्टीलच खोटं हाय," असं म्हणून तीही बाजूला. शेवटी लोखंडी तव्याला चुंबक खट्कन चिकटलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "हा मंजूर!" माझा सगळा संसार एका तव्यावर आला होता, आणि मालकांना आनंद झाला होता.

"ह्या घरात ग्यास नाई," ते म्हणाले. "टाकी नाई, शेगडी नाई, स्टो नाई. करंटची चूल लावा. मंजूर असंन तं सामान उतरवा."

करंटची चूल म्हणजे इंडक्शन. मी तेव्हाच वाद घातला असता, पण त्यांनी फाटकाकडं एक नजर टाकली, आवाज खाली आणला आणि कारण सांगून टाकलं. घरात बायकोचं नाक गेलेलं होतं. त्या तापाच्या साथीत पुष्कळांचा वास गेला आणि महिन्या-दोन महिन्यांत परत आला. मावशींचा, म्हणजे ह्या मालकीणबाईंचा, आला नाही. एका दुपारी गॅसचं बटण थोडं उघडं राहिलं. मावशी शेजारीच बसून अंबाडीची भाजी निवडत होत्या, अगदी निवांत. मालक बाजारातून आले तेव्हा त्यांना फाटकातच वास आला. आत धावले, तर मावशींनी देवापुढं दिवा लावायला काडेपेटी हातात घेतलेली.

"काडी वढाचीच रायली होती," ते म्हणाले. "मी हातातून पेटी हिसकली. तिले वाटलं, मी पागल झालो."

त्याच संध्याकाळी त्यांनी टाकी वापस केली आणि भाडेकरूंच्या टाक्याही बाहेर काढायला लावल्या. काही भाडेकरू टाकीबरोबर स्वतःही बाहेर पडले, म्हणून तर आम्हाला खोली मिळाली. शेवटी त्यांनी ताकीद दिली. "तिच्यापुढं नाकाचं नाव काढाचं नाई. कोनी इचारलं तं सांगाचं, मालक सनकी हाय."

हे सांगायला काही कष्ट पडायचे नाहीत. खोटं बोलावंच लागत नव्हतं.

मावशींनी मला पहिल्याच दिवशी अंगणातल्या दोरीवर कपडे वाळत घालताना गाठलं आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "का सांगू टीचर, ह्या मानसाले ह्या वयात करंटच्या चुलीचं याड लागलं. चांगला ग्यास होता माहा. दिला फेकून." मी हो हो म्हटलं. त्यांचा हात असा, की सगळ्या गल्लीत त्यांच्या अंबाडीच्या भाजीचं नाव. रोज काही ना काही वाटीतून आणून द्यायच्या, आणि वाटी देऊन जायच्या नाहीत. मी घास घेईपर्यंत माझ्या तोंडाकडं पाहत उभ्या राहायच्या. मी "छान झालंय" म्हटलं तरी त्यांचा शब्दावर भरवसा नसे. त्या चेहरा वाचायच्या. चेहरा पटला की रिकामी वाटी मागून निघून जायच्या.

आता इन्व्हर्टरबद्दल. आमच्याकडं वीज जात नाही, लाईन जाते. उन्हाळ्यात संध्याकाळी वारा सुटला की कुठं तरी तारेवर फांदी पडणार आणि लाईन जाणार, हे ठरलेलं. मालकांच्या ओसरीत लाकडी फळीवर एक मध्यम इन्व्हर्टर होता, खाली एक बॅटरी. त्यावर सगळ्या घराला एकेक दिवा आणि एकेक पंखा. मालक बॅटरीची सेवा करायचे. झाकणं उघडून पाणी बघायचे, ते खास पाणी नरसाळ्यानं पाजायचे, तारांच्या टोकांना व्हॅसलीन लावायचे. "बॅटरी म्हंजे गाभन गाय," ते आम्हाला बजावायचे. "तिच्यावर वझं टाकू नोका." मोबाईल चार्जिंगला लावला तरी त्यांच्या कपाळाला आठी. आणि असं म्हणणारा माणूस त्याच गाभण गायीवर रोज इंडक्शन ठेवायचा! सगळ्या घरातलं सगळ्यात मोठं ओझं! आमचं इंडक्शन मात्र इन्व्हर्टरवर चालायचं नाही. म्हणजे लाईन गेली की आमची चूल बंद, वर मालकांची चूल चालावी म्हणून आमचा पंखाही बंद. न्याय म्हणतात तो हा.

एकदा भर स्वयंपाकात इन्व्हर्टरनं टूं टूं करून मान टाकली आणि सगळं घर अंधारात गेलं. मालक विजेरी घेऊन खोल्यांच्या मुआयन्याला निघाले, कुणी काय चालू ठेवलं होतं ते शोधायला. काहीच सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. मालकांनी त्याला दाखवलं, की आपण इंडक्शन अगदी खालच्या नंबरावर ठेवतो, तरी असं काऊन होते?

वायरमन हसला. "काका, नंबर कमी केला म्हून हे कमी खात नाई. खाते तवा पुरं खाते, मंग थांबते, मंग पुन्ना पुरं खाते. एक तं मोठा इन्व्हर्टर घ्या, नाईतं लाईन गेल्यावर सैपाक करू नोका."

"मधामधात थांबते ना?" मालकांनी विचारलं.

"थांबते."

"मंग झालं. खालीच राहू दे."

वायरमननं माझ्याकडं पाहिलं. मी आकाशाकडं. ज्याला सांगून उपयोग नाही त्याला सांगायचं नाही, हे आम्हा दोघांनाही एकदमच समजलं. खालच्या नंबरावर साधं वरण शिजायला किती वेळ लागतो, याचा हिशेब मी ठेवला नाही, पण तेवढा वेळ घामानं निथळत बसणारी मीच होते.

आमच्या शेजारच्या खोलीत बियाण्यांच्या कंपनीतला एक तेलुगू गृहस्थ एकटाच राहायचा. त्याला सगळे सीड्सवाला म्हणायचे. दिवसभर गुडीहत्नूरपासून पार बेज्जूरपर्यंत गाडीवर हिंडायचा, आणि संध्याकाळी आला की त्याला दोनच गोष्टी हव्या असत, कूलर आणि क्रिकेट. एकदा सामना शेवटच्या षटकात आला होता. लाईन होती, सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात अंगणातून "बंद!"

"अय्यो!" सीड्सवाला दारात आला. "सार, करंट तो है ना! इन्व्हर्टर पे थोडीच है?"

"व्होल्टेज नाई," मालक म्हणाले. "चूल उचलून नाई राह्यली. बंद!"

"सार, दो मिनट. लास्ट ओव्हर."

"हुकूम म्हंजे हुकूम."

सामना कुणी जिंकला ते त्याला शेजारच्या गल्लीतल्या फटाक्यांवरून कळलं. तो माझ्याकडं येऊन म्हणाला, "मॅडम, ये आदमी एक दिन हमकू मार डालेगा." मी म्हटलं, तुम्हाला एकट्याला नाही, आपल्याला सगळ्यांना. थोड्या वेळानं मावशींनी दोघांकडंही चहा पाठवला. तीच ह्या घरातली भानगड होती. शिव्या घशाशी आलेल्या असायच्या, आणि वरून आलं घातलेला चहा यायचा. तो प्यायला की शिव्या परत आत जायच्या.

हे 'व्होल्टेज नाई' प्रकरण आधी नव्हतं. आम्ही राहायला गेलो तेव्हा 'बंद' फक्त लाईन गेल्यावर व्हायचं. ते वाढलं एका रविवारपासून. मालकांचा मुलगा हैदराबादला कंपनीत नोकरीला, सून, दोन नातवंडं. ते सगळे उन्हाळ्यात दोन दिवसांसाठी आले होते. ओसरीतला मोठा पत्र्याचा कूलर सकाळपासून घणघणत होता, आमचे कूलर होतेच. मावशींनी वरणाचं पातेलं चढवलं आणि तिथंच पोळ्या लाटत बसल्या. वरण खाली लागलं, मग करपलं, मग काळं झालं. धूर ओसरीत आला तेव्हा मुलगा उठून धावला. मावशी पोळी लाटतच होत्या, पाठ पातेल्याकडं.

मुलगा वाईट नव्हता. आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, आता तू आमच्याकडं चल. तिकडं स्वयंपाकाला बाई आहे. तुला चुलीपुढं उभं राहायची गरजच नाही." मावशींनी काळं पातेलं उचलून नळाखाली धरलं. त्यानं वडिलांना बाहेर नेऊन सांगितलं, ते मात्र सगळ्या अंगणानं ऐकलं. "बाबा, आणखी एकदा असं झालं तर मी दोघांनाही घेऊन जाईन. घराला कुलूप."

ते गेल्यावर मावशी माझ्या खोलीत येऊन बसल्या. "तिथं मी का करू टीचर? सोप्यावर बसून राहू? तिथली बाई सैपाक करंन, आन् मी आयता घास गिळू?" मग म्हणाल्या, "एक डाव अजून भाजी करपली माही, की झालं. माहं घर गेलं." नाकाचा शब्द त्यांनी काढला नाही. मीही नाही.

त्या रविवारनंतर मालकांच्या 'बंद'ला धरबंद राहिला नाही. मावशी चुलीपाशी उभ्या राहिल्या की हे अंगणात. लाईन नसेल तर "लोड नाई झेलत." लाईन असेल तर "व्होल्टेज नाई." भर पावसाळ्यात, कूलर माळ्यावर गेल्यावर, माझा रेडिओ बंद. रेडिओ कसली वीज खातो? पण विचारायची सोय नव्हती. आमच्या ह्यांनी एकदा धीर करून विचारलं तर उत्तर आलं, "थेंबा-थेंबानं तळं रिकामं होते."

बाहेरही त्यांचं असंच. भैंशाला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. कापसाच्या व्यापाऱ्यांकडचं लग्न, मोठा मांडव. आम्हालाही नेलं होतं. आहेराची भांडी मांडवात मांडून ठेवलेली पाहिली, आणि मालकांचा हात खिशाकडं गेला. मी मावशींना कोपरानं ढोसलं, तोवर उशीर झाला होता. दिव्यांच्या लखलखाटात, व्याह्यांच्या डोळ्यांदेखत, हे गृहस्थ एकेका पातेल्याच्या बुडाला चुंबक लावून "खारीज", "मंजूर" करत सुटले. आहेर आणणाऱ्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. नवऱ्या मुलाच्या मामानं दिलेला अख्खा सेट खारीज झाला. मावशी दातओठ खात म्हणाल्या, "आवो, ते कुठं करंटच्या चुलीवर करून राह्यले? त्यायच्या घरी ग्यास हाय!" त्यावर मालक म्हणाले, "आज हाय." येताना गाडीत त्यांच्याशी कुणी बोललं नाही, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पुढच्या मे महिन्यात मुलगा पुन्हा आला, एकटाच. गाडीतून उतरवलं ते पाहून आम्ही भाडेकरू अंगणात गोळा झालो. मोठा इन्व्हर्टर, दोन दणदणीत बॅटऱ्या, वर व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर. बरोबर माणूसही आणलेला. दुपारभर जोडाजोडी झाली. मुलगा हात पुसत आम्हाला म्हणाला, "आता सगळं चालवा. कूलर, टीव्ही, काय वाटेल ते. आईचं इंडक्शन आणि सगळं घर एकदम चाललं तरी काही होणार नाही. बाबांनी तुम्हाला फार त्रास दिलाय, मला माहीत आहे."

सीड्सवाल्यानं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. मला तर रडूच यायचं बाकी होतं. एवढा सुखाचा दिवस त्या घरात आला नव्हता. फक्त मालक नव्या इन्व्हर्टरपुढं उभे राहून खिशातल्या चुंबकाशी चाळा करत होते. मला वाटलं, गाभण गाय गेली म्हणून वाईट वाटत असेल.

दिवस कलायला लागला आणि नेहमीप्रमाणं वारा सुटला. लाईन गेली. पण गेली हे कळलंही नाही. चारी खोल्यांचे कूलर घणघणतच राहिले. मी कूलरपुढं पाय पसरून बसले. समोर स्वयंपाकघरात मावशी लेकासाठी अंबाडीची भाजी करायला उभ्या राहिल्या. माझी खोली अंगणाच्या पलीकडच्या अंगाला, दार त्यांच्या दारासमोरच.

"बंद!"

मला वाटलं, भास झाला. परत आवाज आला. "बंद!" कुणीच जबाब दिला नाही. मुलगा ओसरीतून ओरडला, "बाबा, गरज नाही आता!"

"नवा हाय," मालक म्हणाले. "पैल्या दिशी वझं टाकाचं नाई."

"बाबा, लोडच येत नाही त्याच्यावर. तुम्ही बसा."

मालक बसले नाहीत. सीड्सवाल्याच्या दारात गेले. त्यानं हात जोडून सांगितलं, "सार, आज नही." माझ्या दारात आले. आणि मी, एरवी त्यांना काका-काका करणारी बाई, चक्क म्हणाले, "काका, आज मी काही बंद करणार नाही. तुमच्या मुलानं सांगितलंय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, हट्टाला पेटलेलं पाहिलं होतं. असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. पण घामाघूम माणसाला दुसऱ्याचा चेहरा वाचायची फुरसत नसते.

ते गर्रकन वळले, ओसरीत गेले आणि भाडेकरूंच्या लाईनचा खटका खाली ओढला. मग घरातल्या कूलरचंही बटण बंद केलं.

सगळे कूलर गरगरत थांबायला लागले. मुलगा कपाळाला हात लावून "बाबा!" म्हणाला. सीड्सवाला तेलुगूत सुरू झाला. मी पायात चप्पल अडकवली आणि तणतणत थेट मावशींकडं निघाले. म्हटलं, ह्या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही. आज त्यांच्यापाशीच काय ते सांगून टाकू, आणि खोली सोडू.

स्वयंपाकघराच्या दारात जाऊन मी थांबले. मावशींची पाठ माझ्याकडं होती. चुलीवर लोखंडी कढई, तेलात लसूण पडलेला. मावशी हातातला झारा तसाच वर धरून उभ्या होत्या, आणि मान वाकवून त्यांनी उजवा कान कढईकडं नेला होता. मागं शेवटचा कूलर घरघरत थांबला. एकदम शांत झालं. तेव्हा कढईतला लसणाचा चुरचुर आवाज मलाही दारात ऐकू आला. चूल घूं करायची, मग थांबायची. ती थांबली की मावशी आणखी वाकायच्या. चुरचुर कमी कमी होत गेली. ती अगदी विरत आली तसा मावशींनी झटक्यात अंबाडीचा पाला कढईत लोटला. त्याच क्षणाला मला लसणाचा खमंग वास आला. ह्यापुढं क्षणभर जरी गेला असता तरी तो करपला असता.

मग त्या दुधाकडं वळल्या. बाजूच्या दुसऱ्या चुलीवर पातेलं सूं सूं करत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. सूं सूं बसत गेली, आणि दूध वर यायच्या आत मावशींनी बटण दाबलं.

मी तशीच उलट्या पावली परत आले. भांडायला आले होते ते त्यांना कळलंही नाही.

मुलगा जेवला. अंबाडीची भाजी दोनदा मागून घेतली. "आई, तीच चव," असं तो म्हणाल्याचं मी माझ्या खोलीतून ऐकलं. मावशींनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला, एकटाच. गाडीत बसताना वडिलांना म्हणाला, "बाबा, आता लोकांना तरी छळू नका." मालक म्हणाले, "पाहू."

तो गेल्यावर मी मालकांना ओसरीत गाठलं. ते नव्या बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावत होते. मावशी फुलं तोडायला मागच्या अंगाला गेल्या होत्या.

"काका, मी काल पाहिलं," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं नाही. "का पाहिलं?"

"मावशी ऐकून स्वयंपाक करतात."

त्यांनी तार पुसली. "तिनं मले नाई सांगतलं," म्हणाले. "एक डाव मी टीव्ही पाहून राह्यलो होतो आन् तिचा लसून जळला. मंग एक डाव लाईन नव्हती, सगळं गपगार होतं, तं कायीच नाई जळलं. आमचं त्याच्यावर बोलनं झालं नाई कधी. मले समजलं, बस."

"आणि चुलीचा तो खालचा नंबर?"

"मधामधात थांबते ना ती. तवा तिले आयकू येते."

वायरमन, गाभण गाय, व्होल्टेज, माझा रेडिओ, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आणि खरं सांगते, मला गहिवरून यायच्या आधी राग आला. दोन उन्हाळे! दोन उन्हाळे हा माणूस आम्हाला भाजून काढत होता, आणि कारण एका वाक्यात सांगण्यासारखं होतं!

"काका, हे आधी सांगितलं असतं तर आम्ही काय नाही म्हणालो असतो? तुम्ही हाक मारायच्या आधी बंद केलं असतं!"

"तेच तं," मालक म्हणाले. आता त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सांगतलं असतं तं तुमी मुकाट्यानं बंद केलं असतं. सगळे लोक मुकाट्यानं बंद करून राह्यले, कोनीच बोंबलत नाई, हे तिले दोन दिवसात समजलं असतं. तुमी तिची कीव करून राह्यले, हे समजलं असतं. मंग ती चुलीपाशी उभी नसती राह्यली, टीचरबाई. पोराच्या गाडीत जाऊन बसली असती." त्यांनी बॅटरीचं झाकण लावलं. "तुमी शिव्या देता, तवा तिले वाटते, हा मानूस बॅटरीपायी सनकला. ते बरं हाय. तुमी शिव्या देत जा."

मावशी फुलांची परडी घेऊन आल्या आणि आम्हा दोघांना बॅटरीपाशी पाहून म्हणाल्या, "आता तुमालेबी लागलं का याड, टीचर?"

पुढं आमची बदली झाली. मावशी अजून त्याच घरात आहेत, त्याच चुलीपाशी. मुलगा अजून दर रविवारी फोनवर "आई, इकडं येतेस का?" असं विचारतो, आणि त्या अजून "पाहू" म्हणतात. नवे भाडेकरू आले आहेत, आणि म्हणे, मालकांच्या नावानं बोटं मोडतात. ऐकून मला बरं वाटतं.

पण मला आठवते ती बॅटरीपाशी आमचं बोलणं झालं त्याच दिवशीची संध्याकाळ. ऊन उतरलं, मावशी स्वयंपाकघरात शिरल्या, आणि मालक अंगणात येऊन उभे राहिले. लाईन होती, व्होल्टेज होतं, नवाकोरा इन्व्हर्टर होता. सांगायला एकही कारण उरलं नव्हतं.

"बंद!"

सीड्सवाल्यानं कूलरबरोबर आपल्या नशिबालाही शिव्या घातल्या. त्याला काही सांगायची गरज नव्हती. त्याच्या शिव्या अस्सल होत्या. मी माझा कूलर बंद केला, दारात आले, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "काका, जळो तुमची ती बॅटरी एकदाची! माणसं मारता का?"

मालकांनी माझ्याकडं पाहिलं नाही. समोरच्या दारातून मावशींचा आवाज आला, "बोंबला, बोंबला! चा आला का कसे गप बसता!"

मग अंगण शांत झालं, आणि मोहरी तडतडली.